बाटलीतला ओढा

टायरच्या ट्यूबवर पालथी बादली,
बादलीच्या बुडाला भोक, भोकात नळी,
असलं जहाज घेऊन सुनेत्रा हेरवाडे
विद्यापीठातून आमच्या लेंडओढ्यावर आल्या
आणि म्हणाल्या, दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा.
हजेरी सहाशे.
मी जळक्या मोटारी भरून देणारा,
मला वाटलं पाणी मोजायचं असेल.
पाणी नव्हे, म्हणाल्या,
पाण्यातून वर निघतं ते.

पहिली जागा वर, टेकडीच्या पायथ्याला,
जिथं ओढा अजून कुणाच्याच रानात शिरलेला नाही.
करंजाची पानं, खेकड्यांची बिळं,
पाणी इतकं साधं की बघायला काही नाही.
दुसरी जागा फरशीखाली.
दोन्ही अंगांना ऊस, चरांचं पाणी येऊन मिळतं,
पाय ठेवला की गाळातून बुडबुडे उठतात.
लहानपणी म्हणायचो, खाली मरळ घोरतीय,
आणि दम धरून गळ टाकायचो.
बाई सुई टोचून ते घोरणं
बोटभर काचेच्या बाटलीत घेतात.
रबरी बूच, वर चिठ्ठी: फ-२, रात्री अकरा.

एक वाजता लाइट आली.
शिवारातल्या मोटारी एकदम उठल्या
(कुणाची बेअरिंग गेलीय, मी आवाजावरून सांगतो)
आणि बॅटरी हलवत आदगोंडा अण्णा बांधावरून आले.
"काय भरतायसा?"
"हवा, अण्णा."
"आमच्या ओढ्याची? मग पावती फाडा की."
हसले, तंबाखू मळली, खाली बसले.

बाईंनी सांगितलं, घाई न करता.
मोठ्या भरणीला युरिया पडतो.
ऊस घेतो तेवढा घेतो,
उरलेला पाण्याबरोबर चरात, चरातून इथं.
गाळात डोळ्यांना न दिसणारे जीव,
त्यांच्या पोटातून तो वायू होऊन निघतो,
आभाळात शंभर-शंभर वर्षं राहतो,
आणि ऊब सोडत नाही.
"दात काढताना डॉक्टर हाच हुंगवतात,
माणूस हसायला लागतं."

अण्णांनी तंबाखू तोंडात टाकलीच नाही.
"म्हणजे माझी सहा पोती..."
"सगळी नाही."
"मग किती?"
"तेच तर मोजतेय."
नंतर बराच वेळ नुसत्या मोटारी बोलत होत्या.

मी गप्प.
माझंही अर्धा एकर आहे, फरशीच्या वरच्या अंगाला.
गेल्या भरणीला एक पोतं जादा टाकलं होतं,
शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसत होता,
एवढ्याच कारणानं.

पहाटे चारची बाटली मी एकट्यानं भरली,
बाई गाडीत टेकल्या होत्या.
ओढ्यावर वाफ. फेस, पाचट, कुणाची तरी एक चप्पल.
वास नाही, रंग नाही.
बूच दाबताना वाटलं, आता हसू ऐकू येईल.
नाही आलं.

चार महिन्यांनी फोनवर तक्ता आला.
वरच्या जागेचा खांब करंगळीएवढा.
फरशीचा बघायला बोटानं पडदा सरकवावा लागला.
अण्णांनी चष्मा पुसला, परत बघितलं.
"ह्यात माझं कुठलं
आणि पलीकडच्यांचं कुठलं?"
ते बाईंनाही सांगता आलं नसतं.

यंदा त्यांनी दोन पोती सोप्यातच ठेवली.
एक उंदरांनी फोडलं.
दुसरं कुणाला देणार का, मी विचारलं नाही,
माझ्या पोत्यांचं त्यांनी विचारलं नाही.

एक बाटली माझ्याकडं राहिली, बिनचिठ्ठीची,
दुकानात, जुन्या बेअरिंगांच्या डब्याशेजारी.
पोरगी विचारते, ह्यात काय?
ओढा, म्हणतो.
ती उन्हाला धरते, फिरवते, हलवते.
काहीच नाही की.
बूच काढू?
थांब, म्हणतो,
आणि हातातलं काम खाली ठेवतो.